उघड्या माळाचे मोल

महाराष्ट्राचे डोंगरप्रेम हे बव्हंशी किल्लेप्रेम आहे. ज्या डोंगराच्या माथ्यावर तटबंदीचा एखादा तुकडा, पाण्याचे टाके किंवा ढासळलेला दरवाजा आहे, त्या डोंगराकडे शनिवार-रविवारी पावले वळतात. ज्याला इतिहासाची अशी टोपी लाभली नाही तो डोंगर गुराख्यांसाठी, सरपण आणणाऱ्या बायकांसाठी आणि वर्षातून एकदा यात्रेला जाणाऱ्या भाविकांसाठी राहतो. त्यातही पश्चिमेच्या मुख्य सह्याद्रीला धुके, धबधबे आणि दाट रान यांचे वैभव असल्यामुळे त्याचे कौतुक होते. पूर्वेकडे पसरलेल्या त्याच्या फाट्यांकडे, पाऊस कमी होत जातो तसतशा उघड्या पडत जाणाऱ्या डोंगरांकडे आणि त्यांच्या पायथ्याशी मैलोन्‌मैल पसरलेल्या माळाकडे पाहून मात्र प्रवासी एवढेच म्हणतो की, इथे काहीच नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुका हा अशा 'काहीच नाही' म्हटल्या जाणाऱ्या मुलखाचा उत्तम नमुना आहे. तेथे खरोखरच काही नाही काय, हा प्रश्न पायी चालून विचारण्याजोगा आहे. आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

सातारा जिल्ह्याच्या उत्तरेस महादेवाचे डोंगर पूर्व-पश्चिम पसरले आहेत. त्यांतून खटाव तालुक्यातील मोळजवळ एक फाटा फुटतो आणि दक्षिणेकडे निघतो. वर्धनगड, पुढे कऱ्हाडजवळचा सदाशिवगड अशी शिखरे मिरवीत तो वाळवे तालुक्यात कृष्णेजवळ मच्छिंद्रगडापाशी संपतो. जुन्या वर्णनांत या रांगेला वर्धनगड-मच्छिंद्रगड रांग असेच म्हटले आहे. तिच्या पश्चिमेला कृष्णेचे काळे, सुपीक खोरे. पूर्वेला येरळेचे तुटपुंज्या पाण्याचे खोरे. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी नशिबे नांदत आली. कडेगाव, देवराष्ट्रे, सोनसळ, कडेपूर, वांगी ही गावे पूर्वेच्या, म्हणजे पर्जन्यछायेच्या बाजूला येतात. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर बरसणारा मोसमी पाऊस इथे पोहोचेपर्यंत थकलेला असतो. पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरे गेले म्हणावे, अशी स्थिती.

या रांगेच्या दक्षिण टोकाकडे सागरेश्वराचा डोंगर आहे. देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वराचे प्राचीन देवालय असून भोवती लहानमोठ्या देवळांचा समूह आहे. श्रावणात तेथे गर्दी असते, एरवी शांतता. ताकारीकडून घाट चढून देवराष्ट्र्याकडे उतरणाऱ्याला या डोंगराची घडण उघडपणे दिसते. दख्खनचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्ह्याचे घट्ट झालेले रूप. कठीण थर तगला, मऊ थर झिजला आणि डोंगराला पायऱ्या पडल्या. भूशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच मुळी उत्तर युरोपातील भाषांत जिन्याला असलेल्या शब्दावरून आला आहे. चालणाऱ्याला ती व्युत्पत्ती कोणी सांगावी लागत नाही. एक खडा चढ, मग सपाट पट्टा, पुन्हा खडा चढ, पुन्हा पट्टा, असा हा डोंगर पायांना आपली रचना समजावून देतो. चढावर भुसभुशीत मुरूम पायाखालून सरकतो. पट्ट्यावर गवत आणि सुटे धोंडे. उंची फार नाही. पण सावली कमी, बारमाही पाण्याचा ठावठिकाणा नाही आणि वारा अडवायला मध्ये काही नाही; त्यामुळे हा डोंगर त्याच्या उंचीपेक्षा अधिक कस पाहतो.

माथ्यावर महागुंड नावाचे ठिकाण आहे. तेथून पश्चिमेला पाहिले तर कृष्णेचे वळणदार पात्र, दोन्ही तीरांवरचा ऊस, द्राक्षांचे मळे आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाने भरलेल्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीचा परिसर नजरेत येतो. डोंगर आणि नदी यांच्यामधून पुणे-मिरज रेल्वेमार्ग जातो. याच मार्गावर शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची गाडी लुटली. आणि प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडल या डोंगराच्या पायथ्याशीच आहे. पाठ फिरवून पूर्वेकडे पाहिले की देखावा एकदम पालटतो. येरळेकडे निघालेल्या सोनहिरा ओढ्याचे खोरे, त्यात पाण्यामुळे हिरवी झालेली शेते, आणि त्यापलीकडे पिवळट-तपकिरी माळामागून माळ. मध्येच चौरंगीनाथाचा डोंगर, कडेपूरजवळची डोंगराई. या दोन देखाव्यांपैकी पहिल्याला आपण संपन्नता म्हणतो आणि दुसऱ्याला ओसाडी. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी या ओसाड म्हटलेल्या बाजूला, देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. मात्र आत्मचरित्राच्या पहिल्या खंडाला त्यांनी नाव दिले ते 'कृष्णाकाठ'. त्यात नवल काही नाही. ज्या मुलखात पाणी हीच माणसाची पहिली आणि शेवटची चिंता असते, तेथे नदीचेच नाव ओठांवर येणार.

सागरेश्वराच्या डोंगराचे आजचे रूप हे एका विलक्षण जिद्दीचे फळ आहे. एकेकाळी हा डोंगर चराई, कुऱ्हाड आणि धूप यांनी अक्षरशः सोलून निघाला होता. मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांनी या उघड्या डोंगरावर झाडे उभी करण्याचा ध्यास घेतला. वन खात्याचे बळ आणि आसपासच्या गावांचे हात त्यांच्यामागे उभे राहिले. झाडे वाढली, चितळ, सांबर, काळवीट असे प्राणी आणून सोडण्यात आले, आणि १९८५ साली सुमारे पावणेअकरा चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे त्याला यशवंतरावांचे नाव देण्यात आले. माणसाने हाताने घडविलेले अभयारण्य असा त्याचा लौकिक आहे, आणि तो रास्त आहे. पर्जन्यछायेत, पाण्यावाचून, उघड्या खडकावर एक रोप जगविणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा केले आहे त्यालाच ठाऊक. या कर्तृत्वाला उणेपणा येईल असा शब्दही कोणी काढू नये.

परंतु प्रत्येक मोठ्या यशामागून एक सोपी समजूत जन्माला येते आणि ती यशापेक्षाही वेगाने पसरते. सागरेश्वरने दाखविले ते हे, की उद्ध्वस्त केलेला डोंगर माणसाने मनावर घेतले तर पुन्हा सावरता येतो. लोकांनी त्यातून घेतले ते मात्र हे, की जेथे झाड नाही तेथे निसर्ग नाही आणि प्रत्येक माळ म्हणजे झाडाची वाट पाहत पडलेली मोकळी जागा. या दोन विधानांत महदंतर आहे. पहिले विधान जखम बरी करण्याचे आहे. दुसरे विधान निरोगी अवयवालाच रोग ठरविणारे आहे. अभयारण्याच्या कुंपणाच्या आतच या फरकाची साक्ष मिळते. चितळाला झाडोरा, सावली आणि पाणी लागते. काळविटाला लागतो तो दूरवर नजर पोहोचेल असा उघडा, गवताळ माळ; धोका लांबून दिसावा आणि मग वेगाने निसटावे, हीच त्याची संरक्षणाची रीत. झाडी जितकी दाटेल तितका चितळ सुखावेल आणि काळवीट अवघडेल. एकाच डोंगरावरची ही दोन हरणे निसर्गाच्या दोन निरनिराळ्या कल्पना घेऊन वावरत असतात. महाराष्ट्राने काळविटासाठी १९८० साली रेहेकुरीला, आणि माळढोकासाठी त्याच्या आदल्या वर्षी सोलापूरजवळ नान्नजच्या बाजूला अभयारण्य केले, ते अरण्यासाठी नव्हे, तर माळासाठी. शब्द 'अभयारण्य' असला तरी तेथे अभय हवे होते ते गवताला.

सागरेश्वरावरून उतरून जो कुंपणाबाहेर पूर्वेच्या माळाने चालू लागतो त्याला प्रथम काही दिसत नाही, हे खरे. माळ पाहण्यासाठी नजर खाली आणावी लागते. पहिली ओळख बहुधा कुसळ करून देते. चालणाऱ्याच्या धोतरात किंवा मोज्यात रुतून बसणाऱ्या या बीच्या टोकाशी एक लांब पीळदार शेपूट असते. हवेतील दमटपणा वाढला की पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बसतो. आणि या उलटसुलट फिरण्याने बी स्वतःला गिरमिटासारखे जमिनीत घुसवून घेते. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात बी पेरण्याचे काम गवताने पक्ष्यांवर किंवा नशिबावर न सोडता स्वतःकडेच ठेवले आहे. कुसळाच्या जोडीला मारवेल, शेडा, पवना अशी गवते. तरवडाची पिवळी फुले, करवंदाच्या जाळ्या, हिवर, बोर, बाभूळ अशी विरळ, काटेरी, पण पक्क्या मुळांची झाडे. माळाचे वैभव जमिनीवर जेवढे दिसते त्याहून अधिक जमिनीखाली असते. वर करपून गेलेले गवत खाली मुळांचे जाळे जिवंत ठेवते. तेच मातीला धरून ठेवते, पहिल्या पावसाचे पाणी मुरवते आणि आठ दिवसांत सारा माळ हिरवा करून दाखविते. वणव्याने, चराईने आणि दुष्काळाने वरचा भाग गेला तरी भांडवल शाबूत राहावे, अशी ही काटकसरीची व्यवस्था आहे.

या गवतावर एक अख्खे जग उभे असते. माळटिटवी खड्यांच्या मधोमध उघड्यावर अंडी घालते; ती अंडी खड्यांपासून वेगळी ओळखणे पारध्याच्या नजरेलाही सोपे नसते. उन्हाच्या तडाख्यात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. चंडोल आकाशात सरळ उभा चढत जाऊन गात राहतो, कारण गाण्यासाठी बसायला इथे फांदी नाही. ज्याला फांदी नाही त्याने आकाश हीच फांदी मानली. धाविक पक्षी उडण्यापेक्षा धावणे पसंत करतो. हिवाळ्यात मध्य आशियाच्या बाजूने भोवत्या पक्षी येतात आणि रात्री झाडावर नव्हे, तर उभ्या गवतात जमिनीवर मुक्काम करतात. ससा, खोकड, लांडगा यांचा संसारही याच उघड्यावर चालतो. या सर्वांना झाड नको आहे असे नव्हे. पण झाडांनी भरलेला माळ हे त्यांचे घर उरत नाही. झाडे लावून पक्षी वाचविले असे समाधान मानताना कोणते पक्षी हद्दपार झाले याची नोंद सहसा कोणी करीत नाही.

माळाची ही उपेक्षा केवळ नजरेतील दोष नाही. ती दप्तरातही शिरली आहे. इंग्रजी अमलात महसुलाच्या दृष्टीने जमिनीचे दोन प्रकार मुख्य ठरले: जिच्यातून सारा येतो ती, आणि जिच्यातून येत नाही ती. दुसरीला 'पड' हा शिक्का बसला. जंगलाला लाकडाचे मोल होते म्हणून त्याला निदान एक खाते मिळाले. गवताला खातेही मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, शिक्का राहिला. उपग्रहांच्या साहाय्याने तयार केलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळ आणि ऱ्हास पावलेली कुरणे यांची गणना पडीक जमिनीतच होत आली आहे. एकदा एखाद्या भूभागाला 'पडीक' म्हटले, की त्याचे काहीतरी करणे हे पुण्यकर्म ठरते. मग तेथे खाण निघो, कारखाना येवो, पवनचक्क्या वा सौरपट्ट्या उभ्या राहोत, किंवा गिरिपुष्प आणि निलगिरी यांच्या रांगा लागोत. हरकत घेणारा वेडा ठरतो. शब्दाने आधी जमीन रिकामी करावी आणि मग माणसाने ती भरावी, असा हा क्रम आहे.

हा अनुभव एकट्या कडेगावचा किंवा भारताचा नाही. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा लहानसा डोंगराळ देश आहे. तेथील सर्वोच्च शिखर, इंग्रजीत 'स्नोडन' म्हणून ओळखले जाणारे अर विद्वा, अवघे १,०८५ मीटर उंच. आपले कळसूबाई त्याहून साडेपाचशे मीटरांनी उंच आहे. पण त्या खडकाळ डोंगराभोवतीच्या वाऱ्यावादळाच्या उघड्या माळांवरून चालण्यासाठी जगभरातून माणसे जातात. तो माळही शतकानुशतके कागदोपत्री पडीकच होता. पहिल्या महायुद्धानंतर लाकडाच्या टंचाईला घाबरून १९१९ साली तेथे सरकारी वनीकरण मंडळ स्थापन झाले आणि वेल्सच्या कित्येक माळांवर परदेशी सूचिपर्णी झाडांच्या काळपट रांगा उभ्या राहिल्या. त्याच्याही पुढची गोष्ट स्कॉटलंडच्या उत्तर टोकाची. तेथील हजारो वर्षे साठत आलेल्या दलदली माळांवर १९८० च्या दशकात, करसवलतींच्या लोभाने, चर खणून प्रचंड प्रमाणावर झाडे लावण्यात आली. माळाचे पाणी आटले, पक्षी हटले आणि जमिनीत साठलेला कार्बन सुटू लागला. १९८८ साली सवलत बंद करावी लागली. त्यानंतर तीच झाडे पैसे खर्चून तोडण्याचे आणि चर बुजविण्याचे काम कित्येक वर्षे चालले. आणि २०२४ साली त्या माळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. झाड लावणे ही चूक असू शकते, हे शिकायला एका श्रीमंत देशाला चाळीस वर्षे आणि दोनदा खर्च लागला. आपल्याला तो खर्च एकदाही परवडणारा नाही.

त्या देशाकडून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. तेथील डोंगर-माळांवर चालण्याचा हक्क चालणाऱ्यांनी मिळविला. २४ एप्रिल १९३२ रोजी इंग्लंडमधील किंडर स्काउट या जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेल्या माळावर शेकडो कामगार मुद्दाम मज्जाव मोडून चालून गेले. त्यांतील पाच तरुणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली स्नोडनचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील डोंगर आणि उघडे माळ पायी चालणाऱ्यांसाठी खुले झाले. तेथील माळ टिकला तो केवळ शास्त्रज्ञांच्या अहवालांनी नव्हे. ज्यांनी तो पायांखाली अनुभवला होता अशा सामान्य माणसांची संख्या मोठी होती, म्हणून तो टिकला. ज्या भूमीवरून कोणी चालत नाही तिच्या बाजूने कोणी बोलत नाही.

अर्थात आपल्याकडे माळावरून चालणारा एक समाज पूर्वापार आहे. फक्त त्याला कोणी गिर्यारोहक म्हणत नाही. खटाव, माण, आटपाडी या बाजूचे धनगर पाऊसकाळ आपल्या माळांवर काढून दिवाळीनंतर मेंढरांसह पश्चिमेकडे निघतात; काही कळप घाट उतरून कोकणापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वेल्समध्येही मेंढपाळांची अशीच दोन घरे असत: खोऱ्यातले हिवाळ्याचे घर म्हणजे 'हेन्द्रे' आणि डोंगरावरचे उन्हाळ्याचे घर म्हणजे 'हावोद'. तेथे ती रीत कधीच मोडली, गावांच्या नावांत तेवढी उरली. इथे ती अजून जिवंत आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी'त उभे केले ते याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माळाचे आणि त्यावर जगणाऱ्या माणसांचे जग. मराठी साहित्याला तो माळ रिकामा वाटला नाही. वाटला तो दप्तराला. मेंढरांच्या चराईने माळ नासतो असा एक सर्रास आरोप होतो. एकाच जागी कोंडलेल्या, वाजवीपेक्षा अधिक चराईने तो नासतो, यात शंका नाही. परंतु चरून पुढे जाणारा कळप खत टाकतो, वाळके गवत कमी करतो आणि गवताला नव्याने फुटण्याची संधी देतो. वाटा बंद झाल्या, गायराने आक्रसली, की तोच कळप उरलेल्या तुकड्यावर पुनःपुन्हा पडतो. दोष मेंढराचा नसून अडविलेल्या वाटेचा असतो.

माळाची बाजू घेताना एका सत्याकडे डोळेझाक करणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. कडेगावच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगरावर उभे राहून पलीकडची हिरवी कृष्णा पाहिली आणि अलीकडे आपल्या कोरड्या विहिरीत डोकावले. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या बाजूला आणले, हा त्याच्या दृष्टीने केवळ स्थापत्याचा चमत्कार नव्हे, तर उशिरा मिळालेला न्याय होय. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने येऊन त्याला कोरड्या माळाचे सौंदर्य समजावून सांगावे, यासारखा औचित्यभंग नाही. दुष्काळ हा सौंदर्याचा विषय नाही. अभयारण्यातील हरणे कुंपण ओलांडून उभ्या पिकात शिरतात तेव्हा होणारे नुकसानही तोच सोसतो. म्हणून माळ राखण्याचा विचार शेतकऱ्याच्या विरोधात उभा राहिला तर तो टिकणार नाही, आणि टिकूही नये.

पण पाणी आणि माळ यांत वैर आहेच कुठे? जिरायत शेत बागायत होणे ही एक गोष्ट आहे. उरलासुरला डोंगरउतार आणि गायरान मुरुमासाठी पोखरणे, यंत्राने सपाट करणे किंवा कोणीही गुंतवणूकदार दिसताच त्याला देऊन टाकणे ही दुसरी. पहिलीने शेतकरी सावरतो. दुसरीने त्याच्याच शिवारावरचा पाणलोट उघडा पडतो, ओढ्यात गाळ येतो आणि जनावरांचा फुकटचा चारा विकतचा होतो. सार्वजनिक चराऊ जमिनी, तळी आणि गायराने ही गावाची सामायिक मालमत्ता असून ती परत मिळवून गावाला द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात दिला. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही मान्य केला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले. कागदावर म्हणजे माळाला मित्र मिळू लागले आहेत. उणीव आहे ती जमिनीवर.

ती भरून काढण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. ज्या माळावर मूळचे गवत अजून टिकून आहे आणि जो खरोखर उद्ध्वस्त झाला आहे, यांची गावनिहाय पाहणी करून दोन वेगळ्या याद्या झाल्या पाहिजेत. दुसऱ्या यादीत सागरेश्वरचा धडा गिरवावा, स्थानिक झाडे लावावीत. पहिल्या यादीतील माळावर खड्डा खणू नये. वृक्षारोपणाचे उद्दिष्ट रोपांच्या संख्येत मोजण्याऐवजी कोणत्या जागेला काय हवे, यावर ठरले पाहिजे. गवत राखणे, वणवा थांबविणे आणि चराईला पाळी लावणे हेही पर्यावरणाचे काम म्हणून गणले गेले पाहिजे. वनाधिकाऱ्यांना शिक्षण देणारी प्रबोधिनी याच डोंगराच्या पायथ्याशी, कुंडलला आहे. झाडांचे शास्त्र शिकायला आलेल्या या अधिकाऱ्यांना गवताचे शास्त्र शिकविण्यासाठी दाराबाहेरच्या माळाइतके चांगले वर्गदालन दुसरे मिळणार नाही.

आणि माणसांनी चालावे. सागरेश्वरच्या घाटापासून देवळांपर्यंत, देवराष्ट्र्यापासून सोनसळच्या चौरंगीनाथापर्यंत, कडेपूरच्या डोंगराईपर्यंत जुन्या पायवाटा आहेत. सावत्र आईच्या खोट्या आळामुळे हातपाय तोडले गेलेला आणि नाथांच्या कृपेने पुन्हा सर्वांग लाभलेला चौरंगीनाथ या डोंगरावर पूजला जावा, यात एक औचित्य आहे. ज्याला जगाने टाकाऊ ठरविले त्याच्या पूर्णत्वाची ती कथा आहे. पावसाळा सरता-सरता, भाद्रपदापासून माघापर्यंत, हा मुलूख चालण्यासारखा असतो. शक्यतो पहाटे निघावे, पाणी बरोबर घ्यावे, पायाखाली पाहून पाऊल टाकावे कारण तेथे कोणाचे तरी घरटे असण्याचा संभव आहे, आणि विडीकाडी खाली ठेवावी. अभयारण्यात त्याचे नियम पाळावेत; बाहेर गुराख्याला वाट विचारावी, कारण त्या माळाचा खरा नकाशा त्याच्याकडेच आहे. शाळांच्या सहली दूरच्या किल्ल्यांवर जातात, त्यांतली एखादी गावच्या माळावर जायला हरकत नाही. गवताची पाच नावे आणि पाच पक्ष्यांचे आवाज ओळखणारा मुलगा उद्या सरपंच किंवा तलाठी झाला, तर 'पडीक' हा शब्द लिहिण्यापूर्वी तो क्षणभर थांबेल.

तेवढे थांबणेच माळाला हवे आहे. डोंगर आपल्या उंचीने स्वतःची बाजू मांडू शकतो आणि अरण्य आपल्या दाटीने मांडते. माळाजवळ स्वतःला मिरविण्याचे असे काहीही साधन नाही. तो पसरून पडलेला असतो आणि त्याच्या या पडून राहण्यालाच आपण पडीकपणा समजलो. कडेगावच्या बाजूला आज पाणी आले आहे, रस्ते आले आहेत, उसाचा हिरवा रंग डोंगराच्या पायथ्याला भिडला आहे. या समृद्धीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, उरलेला गवताचा पट्टा हा मागासलेपणाचा अवशेष नाही. समृद्धीच्याही आधीपासून या मुलखाला धरून ठेवणारी ती मुळे आहेत, आणि एकदा उपटली तर ती पुन्हा कोणत्याही योजनेने लावता येणार नाहीत.